पावतीवांचून पुणें

प्रवासवर्णन म्हटलें कीं वाचकांच्या डोळ्यांपुढें हिमशिखरें, सागरतीर किंवा निदान एखादें जागृत देवस्थान तरी उभें राहतें. आमच्या या प्रवासांत यांपैकीं कांहींच नाहीं. साताऱ्याहून पुणें, अंतर सुमारें ११० किलोमीटर. वाहन महामंडळाची लाल गाडी. हेतु, विकत घेतलेल्या तीन वस्तु परत करणें. आणि जवळ पावती मात्र एकाही वस्तूची नाहीं! तथापि या एका दिवसांत आम्हांस पुण्याच्या बाजारपेठेचें, व त्याहून अधिक आमचें स्वतःचें, जें दर्शन घडलें तें वाचकांपुढें ठेवावें असें वाटल्यावरून हा लेखनप्रपंच.

गेल्या वैशाखांत आमच्या घरीं थोरल्या नातवाची मुंज झाली. घर एकत्र, पानावर बसणारीं माणसें चौदा. कार्याची मोठी खरेदी पुण्यास करावयाची हा घरचा जुना परिपाठ, तो याहि वेळीं पाळला गेला. कार्य निर्विघ्नपणें पार पडलें. विघ्न आलें तें वस्तूंना. धाकट्या नातवासाठीं घेतलेला भरजरी अंगरखा त्याच्या दंडांवर चढेना, म्हणून घडी न मोडतांच तो कपाटांत राहिला. तांब्याच्या नव्या घागरीच्या बुडाशीं पाणी पाझरूं लागलें. आणि आत्याबाईंनीं मोठ्या हौसेनें सूनबाईंस दिलेला मिक्सर, आठवडा लोटला नाहीं तोंच, जळका वास सोडून गप्प झाला. आत्याबाई म्हणजे आमच्या वडिलांची धाकटी बहीण. वय ७८, एके काळच्या शिक्षिका. चौदा माणसांचें वाटण करतांना पोरीचीं मनगटें दुखतात, हें त्यांनीं पाहिलें होतें व आपल्या निवृत्तिवेतनांतून पैसे बाजूला काढून आमच्या हातीं दिले होते.

घरचीं कागदपत्रें सांभाळण्याचें काम सूनबाईंकडे. अंगरख्याची पावती त्यांनीं प्लॅस्टिकच्या पाकिटांत घालून स्वयंपाकघराच्या खिडकीशेजारीं टांचून ठेविली होती. ती काढून पाहिली तों कोरा कागद! ना तारीख, ना किंमत, ना दुकानाचें नांव. घागरीला पावती असते ही कल्पनाच कोणास नव्हती. राहतां राहिला मिक्सर. त्याच्या पावतीसाठीं दोन कपाटें, तीन पेट्या आणि देवघरांतला खण उलथापालथा झाला.

“बाबा, मिक्सरची पावती माझ्या हातीं आलीच नव्हती,” सूनबाई म्हणाल्या.

“आली नव्हती, कीं आठवत नाहीं? एक कोरा कागद जपलात, दुसरा हरवलात. होत नसेल तर तसें सांगावें!”

हें आम्हीं सर्वांदेखत बोललों. सूनबाई उत्तर न देतां आंत गेल्या. आत्याबाईंनीं जपमाळ खालीं ठेविली आणि एवढेंच म्हणाल्या, “पुण्याला मीहि येतें.”

दुसऱ्या दिवशीं सकाळची गाडी धरली. राज्य शासनानें २०२२ सालापासून ७५ वर्षांवरील वृद्धांस महामंडळाच्या गाड्यांतून विनामूल्य प्रवासाची सवलत दिली आहे. वाहकानें आत्याबाईंचें आधारपत्र पाहिलें व यंत्रांतून एक तिकीट काढून हातावर ठेविलें. त्यावर रक्कम होती शून्य.

“अरे, पैसे नाहींत तर तिकीट कशाला?” आत्याबाईंनीं विचारलें.

“जपून ठेवा, आजी. तपासणीस आला तर हेंच दाखवायचें. तुम्ही गाडींत बसलांत याचा हा पुरावा.”

आत्याबाईंनीं तें शून्य रुपयांचें तिकीट चौघडी करून कमरेच्या बटव्यांत ठेविलें. आम्हीं आमचें तिकीट मात्र नेहमींच्या संवयीनें खिडकीच्या फटींत खोंवलें. खंबाटकीचा बोगदा गेला, शिरवळला नीरा ओलांडली, खेड-शिवापूर मागें पडलें आणि कात्रजचा घाट उतरूं लागलों. या कात्रजहूनच नानासाहेब पेशव्यांच्या काळीं नळ बांधून पुण्याच्या हौदांत पाणी खेळविलें होतें.

स्वारगेटहून प्रथम मंडईकडे वळलों. अष्टकोनी मनोऱ्याची ही इमारत १८८६ सालची. त्या वेळचे गव्हर्नर लॉर्ड रे यांचें नांव तिला होतें. हिच्यावरील खर्चास विरोध करणाऱ्या महात्मा फुल्यांचेंच नांव पुढें तिला मिळावें, हा इतिहासाचा गोड न्याय म्हणावयाचा! येथें दिवसभर हजारों व्यवहार होतात आणि कागदाचा चिटोराहि हलत नाहीं. नारळवाली एका गृहिणीस सांगत होती, “खवट निघाला तर आणून द्या, ताई, बदलून देईन.” गृहिणी रोजची, नारळवाली रोजची, तेथें ओळख हीच पावती. पलीकडे तुळशीबागेंत, नारो आप्पाजी खिरे यांनीं पेशवाईंत बांधविलेल्या राममंदिराभोंवतीं, बांगड्या, भांडीं, भातुकली यांच्या दुकानांची दाटी आहे. येथें मात्र सूर निराळा. ‘एकदां विकलेला माल कोणत्याहि सबबीवर परत घेतला जाणार नाहीं,’ अशी पाटी एका दुकानावर, तर शेजारच्यावर ‘वरीलप्रमाणें’ एवढाच शब्द! पुणेरी काटकसर शब्दांतहि दिसते ती अशी.

लक्ष्मी रस्त्यावरील ज्या मोठ्या दालनांतून अंगरखा घेतला होता तेथें गेलों. आम्हीं मनाशीं भांडणाची तयारी केली होती. ती वायां गेली. गणकयंत्रापुढील मुलीनें तो कोरा कागद हातीं घेतला व ती हंसली.

“काका, कोणीं तरी फार जपून ठेवलेली दिसते. खिडकींत होती का?”

“होती. पण कोरी कशी झाली?”

मग तिनें जें सांगितलें तें प्रत्येक गृहस्थाश्रमी वाचकानें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. या पावतीवर शाई मुळीं नसतेच. कागदावरच रसायनांचा एक थर असतो आणि यंत्राच्या उष्ण टोंकाचा स्पर्श होईल तेथें तो काळा पडतो. ऊन, उष्णता, तेलाचा हात, इतकेंच काय पण कांहीं प्रकारच्या प्लॅस्टिकचें पाकीटहि हीं अक्षरें पुसून टाकतें. म्हणजे सूनबाईंनीं पाकीट केलें, डोळ्यांसमोर राहावें म्हणून उजेडांत टांचलें, आणि त्या काळजीनेंच कागद कोरा झाला! पावती घरीं आणतांच तिचें छायाचित्र काढून ठेवणें हाच यावर उपाय.

खरेदीच्या वेळीं आम्हीं दूरध्वनि-क्रमांक दिला होता. तो सांगतांच यंत्राच्या पडद्यावर अंगरखा, तारीख आणि किंमत उमटली. रोकड मिळाली नाहीं, तेवढ्या रकमेची क्रेडिट नोट मिळाली. पण माप चुकलें होतें तें आमचें, दुकानाचा दोष कांहींच नव्हता, तेव्हां हेंहि सौजन्यच. बाहेर पडतांना आत्याबाई म्हणाल्या, “एका पावतीचा निकाल लागला.” त्या बोलण्याचा रोंख आम्हांस कळला, न कळल्यासारखें करून आम्ही तपकीर गल्लीकडे चालूं लागलों.

बुधवार पेठेंतील ही गल्ली विजेच्या सामानाची. दिव्यांच्या माळा, पंखे, तारांचीं भेंडोळीं यांतून वाट काढीत आम्ही त्या दुकानीं पोंचलों व मिक्सर फळीवर ठेविला.

“बिल?” दुकानदारानें विचारलें.

“तें सांपडत नाहीं. घरीं सूनबाईंच्या हातून कोठें तरी—”

दुकानदारानें आमच्याकडे नीट निरखून पाहिलें. “काका, सूनबाईंना कशाला दोष देतां? तुम्हीच म्हणालांत, ‘बिलाचे वरचे सातशें कशाला, कच्चीवर द्या.’ मीं चिठ्ठीवर आंकडा लिहून दिला. रोख मोजलेत आणि चिठ्ठी इथेंच टाकून गेलांत.”

वाचकहो, त्या क्षणीं सर्व कांहीं लख्ख आठवलें. मे महिन्याचें ऊन, गल्लींतली गर्दी, सातशें रुपये वांचल्याचें तें क्षुद्र समाधान, आणि घरीं येऊन ‘भाव पाडून आणला’ म्हणून मारलेली फुशारकी. हमीपत्र हातांत होतें. परंतु त्यावर ना शिक्का, ना बिलाचा क्रमांक. दुकानदाराचें बोलणें उद्धट नव्हतें, आणि तेंच अधिक बोंचलें. दुरुस्तीचे साडेआठशें रुपये मुकाट्यानें मोजले. आत्याबाई स्टुलावर बसून होत्या. त्या हळूच म्हणाल्या, “म्हणजे पोर खरें बोलत होती, अरे.”

कायदा ग्राहकाच्या बाजूचा नाहीं असें कोणीं समजूं नये. बिंदुमाधव जोशी यांनीं १९७४ सालीं याच पुण्यांत ग्राहक पंचायतीची चळवळ उभारली. १९८६ सालीं ग्राहक संरक्षणाचा कायदा झाला आणि त्याची जागा २०१९ च्या नव्या कायद्यानें घेतली. विकलेल्या वस्तूचें बिल न देणें ही या कायद्यान्वयें अनुचित व्यापारी प्रथा आहे. माल सदोष निघाल्यास बिलांत लिहिलेल्या मुदतींत, आणि मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत, तो परत घेऊन पैसे देण्यास नकार देणें हीहि तशीच प्रथा. तेव्हां भिंतीवरची पाटी कितीहि ठसठशीत असो, सदोष मालापुढें तिचें तेज फिकें पडतें. माप चुकलें किंवा रंग आवडेनासा झाला तर मात्र हा कायदा धांवून येत नाहीं. तेथें दुकानाचा नियम आणि दुकानदाराची मर्जी. बिल हरवलें तरी बँकेंतून पैसे गेल्याची नोंद हाहि पुरावा होऊं शकतो. १९१५ या क्रमांकावर शासनाची ग्राहक मदतवाहिनी आहे. आणि आपण राहतों त्या जिल्ह्याच्या आयोगाकडेहि तक्रार करतां येते. परंतु ज्यानें आपण होऊन बिल नाकारलें, रोकड मोजली व चिठ्ठीहि फेकली, त्यानें आयोगापुढें उभें राहावयाचें तें कोणत्या तोंडानें? कर चुकविण्यांत दुकानदार जितका भागीदार, तितकेच आम्ही.

उरली घागर. कसबा पेठेंतील तांबट आळी दिसण्यापूर्वीं ऐकूं येते. पेशव्यांच्या काळीं कोंकणांतून येथें आलेल्या तांबटांचे हे हातोडे अजून वाजत आहेत. तांब्याच्या पत्र्यावर एकाशेजारीं एक सारखे ठोके देत जावयाचें, म्हणजे पत्रा कठीण होतो व त्यास झळाळी चढते. याला मठारकाम म्हणतात. कारागिरानें घागर मांडीवर घेतली, उलटी केली, ठोक्यांवरून अंगठा फिरविला.

“आमच्याच घरची आहे. हा ठोका माझ्या भावाचा.”

“आमच्याजवळ पावती नाहीं,” आम्ही सकाळपासूनच्या धास्तीनें म्हणालों.

“ठोके आहेत कीं!” तो म्हणाला, आणि सांधा तापवून भरूं लागला. नंतर घागर पाण्यानें भरून कोरड्या फरशीवर ठेविली, आणि फरशी कोरडीच राहिल्याचें दाखवून मग आमच्या स्वाधीन केली. पैसे घेतले नाहींत.

अशी पावती सर्वत्र चालेल या भ्रमांत राहूं नये. शेंकडों कोसांवर, अनोळखी हातांनीं जुळलेल्या यंत्रावर कोणाचा ठोका ओळखावयाचा? तेथें कागदच हवा. पावती हा अविश्वास नव्हे. परकीयांमध्यें विश्वास उभा राहावा म्हणून घातलेला तो पूल आहे. आमचें चुकलें तें याच्या नेमकें उलट. बाजारांत कागदावांचून आमच्या शब्दावर विश्वास ठेवावा अशी आमची अपेक्षा. आणि घरांत, जिचा शब्द हीच पावती, तिच्याकडे मात्र आम्हीं कागद मागितला.

परतीच्या गाडींत शिरवळजवळ तपासणीस चढला. आत्याबाईंनीं बटव्यांतून आपलें शून्य रुपयांचें तिकीट ऐटींत काढून दिलें. आम्ही सकाळचेंच तिकीट आठवून खिडकीच्या फटी चांचपूं लागलों. या गाडीचें सदऱ्याच्या खिशांत सांपडलें, तें केवळ आत्याबाईंनीं तें तेथें कोंबलें होतें म्हणून.

रात्रीं सारीं पानावर बसलीं असतां, वाढण्याच्या आधीं, आम्हीं सर्वांदेखत सांगितलें कीं मिक्सरची पावती सूनबाईंकडे आलीच नव्हती. ती आम्हींच नाकारली होती. आणि कोरा कागद झाला तो जपल्यामुळें. ज्या शब्दांत दोष दिला होता त्याहून मोठ्यानें हें बोलणें प्राप्त होतें. घर क्षणभर स्तब्ध झालें. सूनबाईंनीं पदर सांवरला व म्हणाल्या, “बाबा, आधीं जेवून घ्या. भात निवतो आहे.” पण दुसऱ्या दिवशीं सकाळीं चहाचा पेला आमच्यापुढें ठेवतांना त्यांचा चेहरा पूर्ववत् मोकळा होता, आणि आम्हांस तेवढें पुरे होतें.

त्या दिवसापासून घरीं दोन नियम झाले आहेत. पहिला, वस्तु कितीहि लहान असो, पक्कें बिल घेतल्यावांचून दुकान सोडावयाचें नाहीं, आणि घरीं येतांच त्याचें छायाचित्र काढावयाचें. दुसरा नियम आत्याबाईंनीं घातला: पावती हरवली तर प्रथम आमचे खिसे तपासावयाचे.