पाट्या उतरल्या, नकाशा राहिला

केपटाउन शहराच्या मधोमध कंपनीज गार्डन आहे. येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांना ताजी भाजी मिळावी म्हणून डच ईस्ट इंडिया कंपनीने १६५२ साली लावलेला हा मळा. आज तिथे झाडांच्या सावलीत लोक निवांत बसलेले असतात आणि खारी न घाबरता पायाशी येऊन दाणे मागतात. बागेच्या कडेने क्वीन व्हिक्टोरिया स्ट्रीट जातो. त्या रस्त्यावर उच्च न्यायालयाच्या जोडइमारतीबाहेर दोन बाक ठेवलेले दिसतात. एकावर लिहिलंय, ‘फक्त गोऱ्यांसाठी’. दुसऱ्यावर, ‘फक्त गोरेतरांसाठी’. पर्यटक आळीपाळीने दोन्हींवर बसून फोटो काढून घेतात. वर्णभेदाच्या राजवटीत माझ्यासारख्याला यातला दुसराच बाक मिळाला असता.

हे बाक त्या काळातले नाहीत. रॉडरिक सॉल्स या कलाकाराने ते अलीकडे, स्मारक म्हणून घडवले. जागा मात्र विचार करून निवडलेली आहे. याच इमारतीत वंश-वर्गीकरणाच्या सुनावण्या चालत. १९५० च्या लोकसंख्या नोंदणी कायद्याने प्रत्येक माणसाच्या नावापुढे त्याचा वंश लिहायचं ठरवलं. ज्यांचा रंग अधलामधला, त्यांचं काय? मग नाक, ओठ, वर्ण पाहायचा, शेजाऱ्यापाजाऱ्यांत कोण मिसळतं ते विचारायचं, केसांत पेन्सिल खोचायची. ती घसरून पडली तर गोरा, अडकली तर नाही. एकाच घरातली भावंडं वेगवेगळ्या वंशांत गेल्याची उदाहरणं आहेत. बाकावर पाटी ठोकण्याआधी माणसावर पाटी ठोकावी लागे, आणि ते काम इथे होई.

अॅडर्ली स्ट्रीटने खाली उतरत गेलं की रेल्वे स्थानक लागतं. आत्ताची इमारत १९६० च्या दशकातली. गोऱ्यांचा आणि इतरांचा वावर वेगळा राहील, अशाच बेताने ती बांधली होती. पण मला आठवत होतं ते जुनं स्थानक. १९५२ मध्ये देशभर अन्यायी कायदे उघडपणे मोडण्याची चळवळ सुरू झाली. माणसं ठरवून ‘युरोपियन’ दारातून आत शिरत, गोऱ्यांच्या खिडकीपाशी रांग लावत आणि शांतपणे अटक करून घेत. त्याच सुमारास जॉर्ज लुसू नावाचा कृष्णवर्णीय माणूस केपटाउन स्थानकातल्या गोऱ्यांच्या प्रतीक्षालयात जाऊन बसला. खटला सर्वोच्च अपील न्यायालयापर्यंत पोचला आणि १९५३ मध्ये लुसू निर्दोष ठरला. न्यायालयाचं म्हणणं असं, की दोन प्रतीक्षालयं वेगळी ठेवायची तर ती साधारण सारख्या दर्जाची हवीत. इथे तशी ती नाहीत.

सरकारपुढे दोन वाटा होत्या. एक, गोरेतरांची प्रतीक्षालयं सुधारायची. सरकारने दुसरी धरली. त्याच वर्षी ‘स्वतंत्र सुविधा राखीव कायदा’ आणून लिहून टाकलं, की सुविधा सारख्या नसल्या, किंवा दुसऱ्या वंशासाठी मुळीच नसल्या, तरी राखीव पाटी बेकायदा ठरणार नाही. शिवाय पाटी लावायचा अधिकार त्या-त्या जागेचा ताबा असणाऱ्याला दिला. मग टपाल कचेरी, ग्रंथालय, समुद्रकिनारा, पादचारी पूल, सगळीकडे इंग्रजी आणि आफ्रिकान्स अशा दोन भाषांत पाट्या झळकल्या. पीटर मागुबाने यांनी १९५६ मध्ये जोहान्सबर्गला टिपलेलं छायाचित्र प्रसिद्ध आहे: ‘फक्त युरोपियन’ लिहिलेल्या बाकावर एक गोरी मुलगी, आणि तिला सांभाळणारी काळी बाई बाकाच्या मागच्या बाजूला. मुलीला वाढवायची तिला मुभा होती, शेजारी टेकायची नव्हती.

स्थानकापासून बाइटनकांट स्ट्रीटवरचं डिस्ट्रिक्ट सिक्स संग्रहालय चालत जाण्याइतकं जवळ आहे. एके काळचं हे मेथडिस्ट चर्च. आत शिरताच नजर वर जाते. छताकडे चढत गेलेल्या शिडीसारख्या मांडणीत रस्त्यांच्या जुन्या, निळ्या-पांढऱ्या पाट्या टांगलेल्या आहेत. खाली जमिनीवर वस्तीचा हाताने रंगवलेला मोठा नकाशा आहे, आणि कोण कुठे राहत होतं ते जुन्या रहिवाशांनी त्यावर स्वतःच्या हाताने लिहिलं आहे.

डिस्ट्रिक्ट सिक्स ही बंदराजवळची वस्ती. मुक्त झालेले गुलाम, गोदी कामगार, कारागीर, व्यापारी, सगळे दाटीवाटीने एकत्र राहत. ११ फेब्रुवारी १९६६ रोजी सरकारने ती ‘गोऱ्यांचा विभाग’ म्हणून जाहीर केली. पुढे साठ हजारांवर माणसं शहराबाहेरच्या केप फ्लॅट्सच्या रेताड मैदानात हलवली गेली आणि घरं बुलडोझरखाली गेली. रस्त्यांच्या पाट्याही राडारोड्यात गेल्या असत्या. पण पाडकामावर देखरेख करणाऱ्या माणसानेच त्या लपवून ठेवल्या. अशा सत्तरच्या वर पाट्या १९९४ मध्ये या संग्रहालयाच्या पहिल्या प्रदर्शनात लोकांसमोर आल्या.

या वस्तीशी आपलंही नातं आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रत्नागिरी-कुलाब्याकडचे अनेक कोकणी मुसलमान केपटाउनला आले आणि दुकानं थाटून स्थिरावले, काही इथेच. वंशवार वस्त्यांच्या कायद्याने भारतीयांसाठी रायलँड्स नेमून दिलं, आणि जातीधर्माचा भेद विसरून शेजारी जगलेली कुटुंबं आता वंश पाहून नव्या ठिकाणी हलवली गेली.

संग्रहालयातून बाहेर पडून चढाकडे गेलं की ती जागा प्रत्यक्ष दिसते. पूर्वीच्या तंत्रनिकेतनाची प्रचंड इमारत, न पाडलेल्या काही मशिदी आणि चर्च, आणि त्यांच्यामध्ये गवत माजलेले पडीक तुकडे. हाकललेल्यांच्या जागी गोऱ्यांची वस्ती कधी नीटशी उभी राहिलीच नाही.

राखीव सुविधांचा कायदा ऑक्टोबर १९९० मध्ये रद्द झाला. पाट्या उतरवायला फारसा वेळ लागला नाही. केप फ्लॅट्सवरून मात्र आजही रोज पहाटे मिनीबस भरभरून शहरात येतात, कारण राहायची जागा कुठे, हे जुन्याच नकाशाने ठरवलेलं आहे. हुसकावलेल्यांपैकी पहिल्या दोघांना घराच्या किल्ल्या मिळाल्या त्या २००४ मध्ये, वयाची ऐंशी उलटल्यावर. २०१९ मध्ये सरकारने वस्तीला ‘डिस्ट्रिक्ट सिक्स’ हे तिचं नाव अधिकृतपणे परत केलं. त्याच सुमारास उरलेल्या दावेदारांच्या घरांचा आराखडा मात्र न्यायालयाला सरकारकडून मागून घ्यावा लागला. नवी पाटी लावणंसुद्धा जुनी काढण्याइतकंच सोपं असतं.