दाखला हातात दिल्यावर

वाईट वळणाची मुलं शाळेने वेळीच ओळखावीत आणि त्यांच्या हातात दाखला द्यावा, असं माझं अनेक वर्षं ठाम मत होतं. एक नासका आंबा अख्खी आढी नासवतो, हे ऐकतच मी वाढले. आयर्लंडमधल्या ड्रोहेडात मुलगा माध्यमिक शाळेत गेला तेव्हाही मी हेच म्हणायचे. ज्यांना शिकायचंय त्यांना शिकू द्या, बाकीच्यांचं पोलीस बघतील. गार्डांनी, म्हणजे इथल्या पोलिसांनी, वर्षातून एकदा वर्गात येऊन अमली पदार्थांवर बोलावं; शाळेने याहून जास्त काय करायचं?

आज मी तसं म्हणत नाही.

ड्रोहेडा हे बॉइन नदीकाठचं, 44 हजार वस्तीचं गाव. 2018 मध्ये इथल्या अमली पदार्थ विकणाऱ्या दोन टोळ्यांत वैर पेटलं. घरांवर पेट्रोल बॉम्ब पडले, गोळ्या चालल्या. जानेवारी 2020 मध्ये गावातल्या एका 17 वर्षांच्या मुलाचा खून झाला आणि त्याच्या देहाचे तुकडे डब्लिनमध्ये सापडले. टोळीने त्याला आपल्या कामाला जुंपलं होतं. असल्या संगतीपासून आपला मुलगा लांब राहायला हवा, एवढंच तेव्हा माझ्या मनात आलं. तीनच वर्षांपूर्वी तो मारला गेलेला मुलगाही चौदा वर्षांचा पोर होता, हे सुचायला फार वेळ लागला.

मग मी वाचायला लागले. लिमरिक विद्यापीठातल्या शॉन रेडमंड यांनी एका आयरिश गावाला ‘ग्रीनटाउन’ असं टोपणनाव देऊन केलेला अभ्यास 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. टोळीच्या जाळ्यात मुलं कशी अडकतात, ते त्यात आहे. बऱ्याचदा सुरुवात उधारीने होते. थोडा माल उधार मिळतो, तो पोलिसांच्या हाती लागतो किंवा हरवतो, आणि मुलगा कर्जात बुडतो. मग निरोप पोचव, पुडी लपव, कुणाच्या तरी दारावर जाऊन धमकी दे. नाही म्हटलं तर धमकी त्याच्याच आईला. अशा मुलाला व्याख्यानातून नवीन काय कळणार? अमेरिकेत 1983 पासून पोलीस ‘डेअर’ नावाने शाळाशाळांत असेच तास घेत आले. अभ्यासांत त्या मूळ कार्यक्रमाचा टिकाऊ परिणाम जवळजवळ दिसला नाही.

आणि दाखला दिल्यावर तो मुलगा दिवसभर असतो कुठे? ज्यांना तो हवाच आहे, त्यांच्यापाशी. माझं मत बदललं ते या एका प्रश्नाने.

इथल्या कायद्यात शाळेला मुलाला काढायचं असेल तर आधी कळवावं लागतं आणि शाळेचे 20 दिवस थांबावं लागतं. मला ही शाळेच्या पायातली बेडी वाटायची. आता वाटतं, त्या मुलासाठी धावपळ करायला मिळालेले तेवढेच दिवस आहेत. 1990 पासून आयर्लंडमध्ये आणखी एक सोय आहे: गरीब वस्तीतल्या शाळेत एका शिक्षकाला वर्ग नसतो, त्याने घरोघरी जायचं. चहा घ्यायचा, आईशी बोलायचं, पोरगं का येत नाही ते समजून घ्यायचं. गुन्हेगारी रोखण्याचं याहून खरं काम मला तरी दिसत नाही. टोळीयुद्धानंतर विवियन गेरिन यांनी ड्रोहेडावर सरकारला दिलेला 2021 चा अहवालही पोलिसांवर थांबत नाही, शाळा आणि वस्त्यांपर्यंत जातो.

आपल्याकडे शिक्षणहक्क कायद्याने आठवीपर्यंत कुणाला काढता येत नाही. तरीही पुण्यात कोयते नाचवणाऱ्या टोळक्यांत अल्पवयीन पोरं सापडतातच. पटावर नाव असणं आणि मूल बाकावर असणं यात फार अंतर आहे, आणि ते चालून जाणारं माणूस लागतं.

इथल्या मराठी मैत्रिणी विचारतात, “त्याच्यापायी आमच्या मुलांचा तास का बुडावा?” प्रश्न रास्त आहे. माझ्याही मुलाचे तास बुडाले आहेत आणि तेव्हा मला राग यायचाच. पण पालकसभेत आता मी ‘त्याला काढा’ म्हणत नाही, ‘वर्गात आणखी एक शिक्षक द्या’ म्हणते. पैसा कुठून आणायचा, असं लगेच विचारलं जातं. अठरा वर्षांखालच्या मुलांना डांबण्यासाठी देशात ओबर्सटाउन ही एकच जागा आहे. तिथे एका मुलावर वर्षाला जेवढा खर्च होतो, त्यात कितीतरी शिक्षकांचे पगार भागतील.