पायमोजांचा पाठ

अमेरिकेत महाविद्यालयीन पुरुषांची राष्ट्रीय बास्केटबॉल-स्पर्धा १९३९ साली सुरू झाली. पहिले अजिंक्यपद ओरेगॉनचे. परंतु आमचे मन रमते ते जॉन वुडन यांच्यापाशी. हे मूळचे शाळेतील इंग्रजीचे शिक्षक! १९४८ मध्ये ते लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात आले, आणि पहिले विजेतेपद मिळाले १९६४ साली. पुढे १९७५ पर्यंत एकूण दहा. त्यांत सात तर ओळीने. त्यांचा पहिला पाठ कोणता, तर पायमोजे घालण्याचा! सुरकुती राहिली की पायास फोड येतो. आमच्या नागपुरात एका शाळेने दोन वर्षांत ढाल आली नाही म्हणून क्रीडाशिक्षकास निरोप दिला, तेव्हा ते थांबून राहिलेले विद्यापीठ आम्हांस फार आठवले. मुले मात्र सायंकाळी अद्याप त्याच गुरुजींच्या अंगणात जमतात.