पाऊणपट

आमच्या वसईच्या किनाऱ्यावर भरतीची वेळ सांगायला छापील कोष्टक लागत नाही. तिथी ठाऊक असली की पुरे. तिथीची पाऊणपट करावी. येईल तो आकडा भरतीचा. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. चंद्र रोज सुमारे पाऊण तास मागे पडतो आणि पाणी त्याच्या मागून येते, एवढेच त्यातले शास्त्र. पाचूबंदरच्या कोळ्याला ते तोंडपाठ असते. पण मौज अशी की, होडी लोटण्यापूर्वी तोच कोळी एकदा पाण्याकडे पाहतो. वारा फिरला, पावसाचा जोर झाला, की पाणी हिशेबापुढे धावते किंवा मागे रेंगाळते. पाण्याला कुठे पाऊणपट येते!

पाठ केलेले सूत्र आणि डोळ्यांनी पाहिलेले पाणी यांच्यामधली ही फट मला फार मोलाची वाटते. हल्ली ती मला भलत्याच ठिकाणी भेटली. समुद्रात नव्हे, आकाशात.

आपल्या डोक्यावर सुमारे 60 किलोमीटरपासून शेकडो किलोमीटर उंचीपर्यंत एक विरळ थर पसरलेला आहे. सूर्याचे प्रखर किरण तिथल्या अणूंतून इलेक्ट्रॉन सुटे करतात. शास्त्रज्ञ त्याला आयनांबर म्हणतात. नाव जड वाटले तरी ओळख जुनीच आहे. दर बुधवारी रात्री रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ ऐकणाऱ्यांच्या घरी ती गाणी याच थरावरून उलटून येत. तेव्हा आपण त्याचे आभार मानले नाहीत. आवाज खरखरला की मात्र रेडिओच्या पाठीवर थाप मारली.

आता गाणी दुसऱ्या वाटांनी येतात. पण उपग्रहांचे संदेश त्या थरातून आरपार येतात आणि येताना किंचित रेंगाळतात. थर दाट असला तर तेवढ्याने अंतराच्या हिशेबात 15-16 मीटरची चूक होते, कधी त्याहूनही अधिक. ओळखीच्या एका तांडेलाने एकदा मला आपले जीपीएस यंत्र दाखवले. होडी वाळूत रुतलेली, आणि यंत्रातले शेवटचे आकडे मात्र हळूहळू सरकत होते. “काका, होडी जागची हलत नाही, मग हा कुठे चालला?” त्याने विचारले. कारणे अनेक असतात. पण त्यांतले एक मोठे कारण डोक्यावरचा तो थर, हे मी त्याला सांगितले. तो हसला आणि म्हणाला, “म्हणजे वरही भरती-ओहोटी आहे म्हणा की!”

याहून चांगली व्याख्या मला कुठल्या पुस्तकात आढळली नाही. साध्या यंत्रासाठी जीपीएसचे उपग्रह या भरती-ओहोटीचे एक सूत्र आठ आकड्यांत धाडत असतात. त्या सूत्रात दुपारी दोनच्या सुमारास थराचा परिणाम सर्वांत जास्त आणि रात्रभर एकसारखा, सुमारे दीड मीटरचा, धरला आहे. एवढ्याने निम्मी चूक भरून निघावी, अशी त्याच्या कर्त्यांचीच अपेक्षा. ही आकाशाची पाऊणपटच झाली!

पण आमचे आकाश अवघड आहे. चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जाते. म्हणून तर 1963 साली थुंब्याहून पहिले रॉकेट उडवले. त्या रेषेवर दिवसा इलेक्ट्रॉन वर उचलले जातात आणि उत्तरेला व दक्षिणेला दूर जाऊन उतरतात. आमच्या वाड्यांतला रहाट विहिरीतून पाणी उपसून दूर पन्हळीत ओततो, तसे. उत्तरेकडची ही पन्हळ साधारणपणे अहमदाबाद-भोपाळच्या बाजूला. वसई मधल्या उतारावर. त्यातून आश्विन आणि चैत्राच्या सुमारास, सूर्य मावळल्यावर, या थरात विरळ बुडबुडे उठतात आणि उपग्रहांचे संदेश चांदण्यांसारखे लुकलुकू लागतात. सूत्रातली शांत रात्र आमच्या वाट्याला नेहमी येत नाही.

मग सूत्राची परीक्षा घ्यायची कशी? कोळ्यासारखीच: वर पाहून. उपग्रहाकडून दोन वेगळ्या लहरी घ्यायच्या. थर दोघींना सारखा अडवत नाही. त्यांच्या येण्यातल्या फरकावरून वाटेतले इलेक्ट्रॉन मोजता येतात. ते तासातासाला नोंदवायचे आणि सूत्राशी ताडून पाहायचे. 1960 च्या दशकाच्या अखेरीपासून जगभरचे शास्त्रज्ञ मिळून आयनांबराचा एक आदर्श नमुना घडवीत आले आहेत. तोसुद्धा महिन्याची सरासरी सांगतो, आजची संध्याकाळ नव्हे. आणि जिथे मोजणारे जास्त, तिथेच तो जास्त बरोबर येतो.

होडीला 10 मीटरची चूक खपते. धावपट्टीवर उतरणाऱ्या विमानाला उंचीतली चूक खपत नाही. म्हणून आपल्याकडे ‘गगन’ प्रणाली उभारताना परदेशी रीत जशीच्या तशी उचलता आली नाही. देशातल्या 15 केंद्रांच्या मोजमापांवरून इथल्या आकाशासाठी वेगळा नमुना बांधावा लागला. 2015 साली ती प्रणाली विमानांना उतरताना उंचीचेही मार्गदर्शन करण्यास पात्र ठरली. मला तिच्यातली एक गोष्ट विशेष आवडते. ती दुरुस्ती तर सांगतेच. शिवाय त्या दुरुस्तीत चूक किती असू शकेल, तेही विमानाला कळवते. भरवसा जुळवणारी माणसे अशीच बोलतात.

आणि मोजलेले कधी वाया जात नाही. सप्टेंबर 1859 मध्ये सूर्यावरून मोठे चुंबकीय वादळ आले, तेव्हा कुलाब्याच्या वेधशाळेत माणसे डोळ्यांनी वाचून आकडे लिहीत होती. ते कशाला उपयोगी पडतील, हे त्यांना सांगता आले नसते. 2003 साली भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांसह तेच आकडे अभ्यासून त्या वादळाची ताकद जगापुढे मांडली. आज वादळांची सूत्रे बांधणाऱ्याला त्या नोंदीपुढे उभे राहून आपला हिशेब द्यावा लागतो.

सूत्रे सुधारतील, बदलतील. ती तशीच असावीत. पाऊणपट जरूर पाठ करावी. मात्र पाण्याकडे पाहण्याची आणि पाहिलेले लिहून ठेवण्याची सवय तिच्या भरवशावर सोडू नये.