परगावचा विद्यार्थी आणि किरकोळ दुखणे

परगावी शिकणाऱ्या मुलाचे दुखणे घरी कळते ते बहुधा बरे झाल्यावर. 'आईस उगीच काळजी नको' असे कारण तो देतो, व त्यात मायाही असते, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु त्या चार दिवसांत तो कोणाचे ऐकतो व काय गिळतो, याचा विचार आपल्या कुटुंबांतून व्हावा तितका होत नाही.

आमच्या थोरल्या बंधूंचा नातू पुण्यास अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात आहे. सदाशिव पेठेत तिघे मित्र एका खोलीत राहतात. गेल्या भाद्रपदात आम्ही दोन दिवस तेथे उतरलो होतो. खिडकीत बिस्किटांचा एक जुना डबा होता. तोच त्यांचा दवाखाना! कोणाच्या तरी घशासाठी आणलेल्या अझिथ्रोमायसीनची उरलेली एक गोळी, पॅरासिटॅमॉलच्या अर्धवट पट्ट्या, सर्दीच्या गोळ्या, बामची बाटली, आणि कशावरचे हे कोणासच सांगता न येणारे एक पिवळे कॅप्सूल. शिंक आली की डब्यात हात घालावा, हा त्या खोलीचा शिरस्ता.

साधी सर्दी विषाणूंमुळे होते व बहुधा सात ते दहा दिवसांत आपली आपण ओसरते. अझिथ्रोमायसीनचा उपयोग जीवाणूंवर. विषाणूंवर त्याची मात्रा चालत नाही. तरी सर्दी गेली की श्रेय गोळीस मिळते. अपुऱ्या मात्रेने जंतू मरत नाहीत, उलट औषधास दाद देईनासे होतात, हा इशारा फ्लेमिंग यांनी १९४५ साली नोबेल पारितोषिकाच्या व्याख्यानातच दिला होता. चिठ्ठीवाचून अशी औषधे विकू नयेत असा आपल्याकडे कायदा आहे. तथापि मुलगा दुकानात जाऊन 'घसा धरला आहे' म्हणतो, आणि काम होते. पॅरासिटॅमॉल त्या मानाने गरीब. पण सर्दीच्या पुष्कळ गोळ्यांतही तेच असते, हे मुलांच्या गावी नसते. मोठ्या माणसाने दिवसाकाठी ४ ग्रॅमची मर्यादा ओलांडू नये. ६५० मिलिग्रॅमच्या सहा गोळ्यांतच ती गाठत येते, व त्यापुढील भार यकृतावर पडतो.

आम्हांस खरी धास्ती वाटते ती पावसाळ्यातील तापाची. अंग ठणकते म्हणून मुलगा मित्राने दिलेली आयबुप्रोफेन किंवा ऍस्पिरिन घेतो. तो ताप डेंग्यूचा निघाला, तर याच गोळ्यांनी रक्तस्रावाचे भय वाढते. या रोगाची आणखी एक खोड अशी की, ताप उतरतो त्याच सुमारास, पुढच्या एकदोन दिवसांत, धोका उभा राहतो. पोटात तीव्र दुखणे, वांत्या न थांबणे, हिरड्यांतून वा नाकातून रक्त, विलक्षण ग्लानी, यांपैकी काहीही दिसताच रुग्णालय गाठावे लागते. आणि आमचा विद्यार्थी नेमका त्याच दिवशी 'उतरला एकदाचा' म्हणून परीक्षेस जाऊन बसतो.

पूर्वी वार लावून जेवणारी मुले पुण्यात घरोघर असत. मंगळवारचा मुलगा पानावर आला नाही, तर घरच्या बाई कोणास तरी चौकशीस धाडीत. त्या काळाचे गोडवे आम्ही गात नाही. विषमज्वराने किती तरुण गेले, हे आमच्या वडीलधाऱ्यांकडून ऐकले आहे. परंतु मूल जेवले नाही, ही गोष्ट कोणाच्या तरी ध्यानात येत असे. आता खानावळीचा डबा दाराशी तसाच राहतो, व संध्याकाळी डबेवाला तो निमूटपणे परत नेतो. खोलीतले मित्र मात्र, आम्ही पाहिले, मनापासून करतात. आम्ही असतानाच एकास जुलाब झाले, तर दुसऱ्याने रात्री जागून त्यास मीठसाखरेचे पाणी पाजले. प्रमाण तेवढे चुकले होते. १ लिटर उकळून निवविलेल्या पाण्यात साखरेचे सहा सपाट चमचे व मीठ अर्धाच चमचा. मीठ वाढले तर अपाय होतो. १९७१ साली निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी असल्याच मिश्रणाने सहस्रावधी प्राण वाचविले. चहाच्या चमच्याची ही विद्या प्रत्येक मुलास घरीच यावयास हवी.

घरची मंडळी दूरध्वनीवरून काढा सांगतात. सुंठ-तुळशीशी आमचे वैर नाही, आणि तापाच्या आरंभी लंघनाचे महत्त्व आयुर्वेदानेही मानिले आहे. परंतु 'जेवलास का?' या प्रश्नास आजारी मुलगाही 'हो' म्हणतो. 'ताप किती? पाणी किती प्यालास? लघवीस केव्हा गेला होतास?' असे विचारले, की उत्तर शोधावे लागते. सूनबाईंनी यंदा दिवाळीच्या फराळाबरोबर तापमापक, क्षारांच्या पुड्या आणि जवळच्या डॉक्टरांचा क्रमांक लिहिलेला कागद पाठविला. लाडू दोन दिवसांत संपले. कागद दाराच्या आतल्या बाजूस चिकटविला आहे, असे कळते.