ठोसा

गेले दोन महिने मी जिममध्ये जाऊन ठोसे मारते आहे. हसू नका, खरंच! वय वर्षे ७३.

त्याचं झालं असं. गेल्या पावसाळ्यात भाजी घेऊन येताना मागून हाक आली, "बाई!" जुना विद्यार्थी. मी वळले, पण नुसती कंबरेतून. पाय जागच्या जागी. तोल गेला. त्यानेच धरलं म्हणून वाचले. तेव्हापासून कुणी हाक मारली तरी मी वळायचंच सोडून दिलं. बाईंना ऐकू येत नाही असं मुलांना वाटलं तर वाटो. बाई शिष्ट झाल्या असं वाटलं तर मात्र वाईट.

डॉक्टरांनी तपासून परवानगी दिली आणि सूनबाईंनी जिममध्ये माझं नाव घातलं. तिथलं केबल मशीन म्हणजे आपला विहिरीवरचा रहाटच की हो! कप्पी, दोर आणि पोहऱ्याऐवजी वजनाच्या पट्ट्या. कप्पी छातीच्या उंचीला लावायची, मशीनकडे पाठ करायची. डावा पाय पुढे, उजवा मागे, हँडल उजव्या खांद्याशी. आणि समोर ठोसा!

मी नुसत्या हाताने ढकलू लागले. ट्रेनर नातवाच्या वयाचा. म्हणाला, "आजी, हात सगळ्यात शेवटी. आधी मागची टाच उचलून फिरवा, मग खुबा, मग छाती, मग हात." कंबरेचे मणके फारसे वळतच नाहीत, वळायचं ते खुब्यातून आणि पाठीच्या वरच्या भागातून. मनगट सरळ, ठोसा मारताना श्वास सोडायचा. परतताना वजन मागे ओढतं, त्याला रोखत सावकाश यायचं. खरी मेहनत तिथेच आहे. वजन सगळ्यात कमी, दोन्ही हातांनी ८-८ वेळा.

करता करता लक्षात आलं, अहो, हे तर मला येत होतं! ३० वर्षं फळ्याकडून वर्गाकडे वळत होते, ती काय नुसती कंबरेतून? टाच आपोआप फिरायची. (मागच्या बाकावर कुजबुज झाली की फारच झटकन!) एकदा तोल काय गेला, भीतीने सगळं विसरले होते.

मागच्या आठवड्यात रिक्षा स्टँडवर हाक आली, "बाई!" आधी टाच फिरली, मग मी.

हाक दुसऱ्याच कुणा बाईंना होती. असो. वळले तर खरी!