गोठलेल्या नायट्रोजनमधल्या हिरव्या उजेडास अनावृत पत्र

प्रिय हिरव्या उजेडा,

हे पत्र जिवतीहून लिहितोय. मे महिन्यात आमच्या चंद्रपूरचा पारा ४७ अंशांपर्यंत चढतो आणि तू प्रकटतोस उणे २६९ अंशांवर. तरी तुला परकं कसं म्हणू? तू ज्याच्यातून निघतोस तो नायट्रोजन माणिकगडच्या डोंगरावरच्या हवेतही शंभरात ७८ भाग आहे.

१९२४ साली नॉर्वेच्या लार्स वेगार्ड यांनी हॉलंडात लायडनच्या प्रयोगशाळेत गोठवलेल्या नायट्रोजनवर इलेक्ट्रॉनांचा मारा केला, तेव्हा तू दिसलास. ध्रुवीय प्रकाशातला हिरवा रंग तो हाच, असं त्यांनी ठरवलं. त्यांचा तर्क असा: उंच वातावरणात गोठलेल्या नायट्रोजनचे कण तरंगत असणार! पुढच्याच वर्षी टोरंटोच्या मॅक्लेनन आणि श्रम यांनी ते खोडून काढलं. आकाशातला हिरवा ऑक्सिजनच्या अणूंचा, ५५७.७ नॅनोमीटरचा, तू ५२३ च्या आसपासचा. वेगार्ड चुकले ते आकाशाबाबत. त्यांनी पाहिलेला तू मात्र खरा होतास, आणि माझ्या लेखी तेही मोठंच काम.

मला मोह पडतो तो तुझ्या संथपणाचा. नायट्रोजनचे दोन अणू एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की त्यांना फोडणं फार अवघड. पावसाळ्यात आमच्या डोंगरावर वीज कडाडते तेव्हा ते फुटतात, पण हवेत सुटे अणू लगेच कुणाला तरी जाऊन जुळतात. ऑक्सिजनशी जुळलेले पुढे पावसाबरोबर कापसाच्या वावरात उतरतात, खत होऊन. तुझ्या थंडीत तसं नाही. तिथे सुटा झालेला अणू जागच्या जागी अडकतो. मिळालेली ऊर्जा प्रकाश म्हणून सोडायची वाट क्वांटम नियमांनी जवळजवळ बंदच केलेली. मोकळ्या अवकाशात असा अणू कित्येक तास तसाच राहू शकतो. गोठलेल्या नायट्रोजनमध्ये शेजारच्या रेणूंमुळे ती वाट किंचित उघडते, आणि मिनिटभरात तू बाहेर पडतोस. म्हणून तर मारा थांबल्यावरही तू रेंगाळतोस. १९५४ मध्ये वॉशिंग्टनला ब्रॉयडा आणि पेलम यांनी विद्युतझोतातून आलेला नायट्रोजन ४.२ केल्विनवर गोठवला. तो जरा तापू दिला की अडकलेले अणू हलत, पुन्हा जुळत, त्यातली ऊर्जा उरलेल्या अणूंना मिळे आणि तू भडकायचास.

तुझ्यासाठी द्रव हीलियम हवा. तो मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत मिळेल, इकडे नाही. पण तुझ्या वाटेवरचा पहिला टप्पा खेड्यांतल्या जनावरांच्या दवाखान्यापर्यंत आलेला आहे. गाय भरवायला आणली की डॉक्टर कॅनचं झाकण उचलतात, पांढरं धुकं काठावरून खाली उतरतं, चिमट्याने रेताची कांडी निघते आणि कोमट पाण्यात जाते. तो कॅनमधला द्रव नायट्रोजन, उणे १९६ अंश. आणखी १४ अंश उतरला की तो गोठतो, आणि त्यासाठी कॉलेजातला साधा व्हॅक्युम पंप पुरतो: वरची वाफ ओढून घेतली की उरलेला द्रव डोळ्यांदेखत पांढरा, घट्ट होतो.

चंद्रपूर आणि गडचिरोलीतल्या पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकांना माझी विनंती आहे. येत्या २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, भाषणं कमी करा. खिडक्या उघड्या ठेवा, हातमोजे घाला, पंप सुरू करा आणि जिवतीच्या पोरांना गोठलेला नायट्रोजन दाखवा.

तुझा,
जिवतीचा एक विज्ञानशिक्षक